रक्तातून पसरणारी कावीळ: हात पसरून बसल्यावर लोक विचारतात ते प्रश्न

रक्त काढणं हे माझं रोजचं काम. टेबलावर हात पसरून बसलेला माणूस सुईकडे बघायचं टाळतो आणि तेवढ्या वेळात मनात घोळत असलेलं विचारून घेतो. हिपॅटायटिसबद्दलचे प्रश्न त्यात नेहमीच असतात. बहुतेक सगळे ताटवाटीचे, टॉवेलचे, मिठी मारण्याचे. सुईबद्दल, ब्लेडबद्दल क्वचित कोणी विचारतं, आणि खरी गोम तर तिथेच आहे. टेबलावर दोन वाक्यांत आटपावी लागणारी उत्तरं इथे जरा सवडीने दिली आहेत. तुमच्या रिपोर्टवर कोणतं औषध, किती दिवस, ते मात्र तुमचे डॉक्टरच ठरवतील.

कावीळ म्हणजेच हिपॅटायटिस ना?

नाही. कावीळ हे लक्षण आहे. रक्तात बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य साचलं की डोळे, कातडी, लघवी पिवळी दिसू लागते. पित्तनलिकेत खडा अडकला तरी असं होतं, रक्तपेशी फार फुटत असल्या तरी होतं. हिपॅटायटिस म्हणजे यकृताला आलेली सूज. ती व्हायरसने येते, तशी दारूने, साचलेल्या चरबीने, काही औषधांनीही येते.

गंमत म्हणजे उलटंही घडतं. हिपॅटायटिस वर्षानुवर्षं अंगात आहे आणि डोळे मात्र स्वच्छ पांढरे! बोलण्यात लोक हिपॅटायटिस बी ला ‘पांढरी कावीळ’ म्हणतात. पाठ्यपुस्तकात हे नाव सापडणार नाही, पण ज्याने कोणी ते पाडलं त्याने काहीतरी नीट पाहिलं होतं.

ए, बी, सी, डी, ई. एवढी अक्षरं कशाला?

कारण हे पाच वेगवेगळे व्हायरस आहेत. एकमेकांचे भाऊबंदही नव्हेत, फक्त पाचही जण यकृतावरच जाऊन बसतात. ए आणि ई पोटातून येतात, म्हणजे विष्ठेने दूषित झालेलं पाणी आणि अन्न यांतून. ते सहसा काही आठवड्यांत निघून जातात. अपवाद गरोदरपणाचा: शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई झाला तर तो जिवावर बेतू शकतो, तिथे वाट बघत बसू नये.

बी, सी आणि डी रक्तातून येतात, आणि ते मुक्काम ठोकू शकतात. डी हा तर परोपजीवीच म्हणायचा. बी आधीच अंगात असेल तरच त्याला राहता येतं. त्यामुळे बी ची लस घेतली की डी चाही दरवाजा बंद. १९७७ मध्ये इटलीत मारिओ रिझेट्टो यांना त्याचा पहिला माग लागला, तोही बी च्या रुग्णांच्या यकृतात.

इथून पुढे मी मुख्यतः बी आणि सी बद्दलच बोलणार आहे.

मला काहीच त्रास नाही. मग रिपोर्ट पॉझिटिव्ह कसा?

हा प्रश्न विचारणाऱ्याचा चेहरा मला ओळखता येतो. राग असतो, आणि मशीन चुकलं असेल अशी आशा असते. पण यकृत हा फार सोशिक अवयव. बराचसा भाग खराब होईपर्यंत ते कुरकुर करत नाही. सी चा संसर्ग झालेल्या बहुतेकांना सुरुवातीला काही कळतही नाही, थोडा थकवा, थोडी मळमळ, तीही कामाच्या दगदगीवर जाते. पुढे वीस-तीस वर्षांनी सिरॉसिस, म्हणजे यकृत व्रणांनी आक्रसून कडक होणं, किंवा यकृताचा कॅन्सर समोर येतो, तेव्हा मूळ घटना कोणाला आठवणार?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालात २०२२ सालचे आकडे आहेत. जगात सुमारे २५ कोटी ४० लाख लोकांना दीर्घकाळचा बी आणि ५ कोटी लोकांना सी. त्या एका वर्षात व्हायरल हिपॅटायटिसने १३ लाख मृत्यू. आणि बी असलेल्यांपैकी स्वतःला तो आहे हे माहीत असलेले किती? १३ टक्के. उरलेल्या ८७ टक्क्यांतल्या बहुतेकांना काहीच त्रास नव्हता, म्हणून तर ते तपासायला गेले नाहीत.

घरात एकाला बी आहे. त्याचं ताट, वाटी, पेला वेगळा करू का?

नका करू. एका ताटात जेवून, एका पेल्यातून पाणी पिऊन, मिठी मारून, हात हातात घेऊन, शिंक-खोकल्याने, एकच संडास वापरून बी किंवा सी पसरत नाही. ताट वेगळं केल्याने व्हायरस अडत नाही, माणूस मात्र एकटा पडतो. एका मुलाने मला सांगितलं होतं, आई त्याचा पेला चिमट्याने उचलायची. त्याच घरात बाथरूममध्ये तिघा भावांचा दाढीचा रेझर एकच होता.

तेव्हा वेगळं करायचंच असेल तर रेझर, टूथब्रश, नेलकटर आणि कानातलं वेगळं करा. साखर तपासायचं बोट टोचणारं पेन तर वेगळं हवंच. जखम असेल तर झाकून ठेवायची, रक्त लागलेलं पॅड किंवा बँडेज पिशवीत बांधून टाकायचं. आणि घरातल्या बाकीच्या सगळ्यांनी बी ची तपासणी करून घेऊन लस टोचून घ्यायची. लस झाली आणि अँटीबॉडी, म्हणजे व्हायरसला रोखणारी शरीरातली प्रथिनं, तयार झाल्या, की घरातली भीती संपायला हरकत नाही.

मग नेमका पसरतो कशातून?

एकाचं रक्त दुसऱ्याच्या रक्तात जाईल अशा कुठल्याही वाटेने. बी च्या बाबतीत वीर्य आणि योनीतले स्रावही त्यात धरायचे. बाळंतपणात आईकडून बाळाला, असुरक्षित शरीरसंबंधातून, न तपासलेल्या रक्तातून, नशेच्या सुया वाटून घेतल्याने. आणि दवाखान्यात. हे शेवटचं बोलायला आमच्या क्षेत्रातले लोक अवघडतात, म्हणून मी जरा जास्त बोलते.

१८८३ साली जर्मनीतल्या ब्रेमेनमध्ये एका जहाजबांधणी कारखान्यातल्या १,२८९ कामगारांना देवीची लस टोचली. माणसांच्या फोडांतल्या द्रवापासून बनवलेली होती ती. पुढच्या काही महिन्यांत त्यांतल्या १९१ जणांना कावीळ झाली. ज्यांना दुसरीकडची लस मिळाली त्यांना काही झालं नाही. व्हायरस म्हणजे काय हेच तेव्हा ठाऊक नव्हतं, पण लुर्मान नावाच्या डॉक्टरांनी १८८५ मध्ये हे सगळं लिहून ठेवलं, आणि आज वाचताना काय घडलं ते लख्ख दिसतं.

इजिप्तची गोष्ट त्याहून मोठी. नाईल नदीच्या काठी बिल्हार्झिया नावाचा कृमींचा आजार फार. त्यावर १९५० च्या दशकापासून ते १९८० च्या सुरुवातीपर्यंत गावोगाव अँटिमनीच्या इंजेक्शनांची मोहीम चालली. एकेकाला अनेक इंजेक्शनं, काचेच्या सिरिंजा, रांगेत शेकडो माणसं, निर्जंतुक करायला वेळ अपुरा. बिल्हार्झिया कमी झाला आणि हिपॅटायटिस सी ने देश व्यापला. लोकसंख्येच्या प्रमाणात जगातला सर्वांत जास्त सी तिथे होता. मोहीम राबवणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. सी चा व्हायरस सापडला १९८९ मध्ये, त्यांना तो दिसणार कसा? पण प्रत्येक माणसाला नवी सिरिंज मिळाली असती तर व्हायरसचं नाव माहीत असायची गरजही पडली नसती. पुढे त्याच इजिप्तने २०१८ पासून कोट्यवधी लोकांची तपासणी करून लाखोंना औषध दिलं, हेही सांगायला हवं.

सुई नवी लावली तर सिरिंज तीच चालते ना?

नाही, नाही आणि नाही. हा गैरसमज अजून जिवंत आहे, आणि सुशिक्षित माणसांतही.

इंजेक्शन देऊन झाल्यावर सुई सिरिंजपासून ओढून काढली, की किंचित पोकळी होते आणि सुईतला अंश सिरिंजच्या तोंडात ओढला जातो. डोळ्यांना काही दिसत नाही. सिरिंज स्वच्छ, पारदर्शक. आता तिला नवी कोरी सुई लावून ती औषधाच्या कुपीत बुडवली, की तो अंश कुपीत. पुढचा माणूस येतो, त्याच्यासाठी नवी सुई, नवी सिरिंज, सगळं नवं. फक्त औषध त्याच कुपीतलं. झालं काम.

ही काल्पनिक साखळी नाही. २००८ मध्ये अमेरिकेत एका शहरात भुलीच्या औषधाच्या, एकदाच वापरायच्या कुपी अशा पुरवून पुरवून वापरल्याचं उघड झालं, आणि ४० हजारांहून जास्त लोकांना ‘सी, बी आणि एचआयव्हीची तपासणी करून घ्या’ असं कळवावं लागलं.

बी चा व्हायरस रक्तात किती दाट असतो याचा अंदाज घ्या: जोरात असताना एका मिलिलिटरमध्ये दहा कोटींपेक्षा जास्त कण. म्हणून ‘एवढ्याशाने काय होतंय’ हे वाक्य इथे लागू पडत नाही. इन्सुलिनच्या पेनलाही हेच. सुई बदलली तरी एक पेन दोन माणसांना नाही. बोट टोचायच्या पेनाचंही तेच. वृद्धांच्या निवासांत बी च्या साथी झाल्या आहेत, त्या याच एका सामाईक पेनातून.

समोरचा माणूस पाकीट तुमच्यासमोर फोडत नसेल तर ‘माझ्यासमोर फोडा’ म्हणा. मला कोणी तसं म्हटलं तर राग येत नाही. ज्यांना येतो, त्यांच्याकडून टोचून घेऊ नका.

वाळलेल्या रक्तात काय जीव असणार?

असतो. बी चा व्हायरस शरीराबाहेर निदान सात दिवस तग धरतो, डाग वाळून तपकिरी झाला तरी. सी सुद्धा वापरलेल्या सिरिंजमध्ये आठवडेच्या आठवडे टिकलेला आढळला आहे.

सांडलेलं रक्त पुसायची रीत साधी आहे, पण क्रम चुकवू नका. आधी हातमोजे. काचेचा तुकडा किंवा सुई असेल तर ती चिमट्याने उचला, बोटांनी नाही. मग कागदाने किंवा जुन्या फडक्याने रक्त टिपून घ्या. त्यानंतर ब्लीचचं ताजं पाणी, एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी, त्या जागेवर ओता आणि दहा मिनिटं राहू द्या. लोक आधी ब्लीच ओततात आणि लगेच पुसतात. रक्ताचं थारोळं तसंच असेल तर ब्लीचचा जोर त्यातच संपतो, खाली काही पोचत नाही. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा दुसरं क्लीनर मिसळू नका, विषारी वायू होतो. आणि ब्लीच जखमेवर कधीच नाही.

सुई टोचली! आता काय करू?

आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. बोट पिळू नका, चोखू नका, स्पिरिट-ब्लीच ओतू नका. डोळ्यात रक्त उडालं असेल तर डोळा भरपूर पाण्याने धुवायचा. मग लगेच, म्हणजे त्याच तासात, डॉक्टरांकडे.

आता माझं सांगते. नोकरीचं दुसरं वर्ष, शिफ्ट संपायला दहा मिनिटं. वापरलेल्या सुयांचा डबा गळ्यापर्यंत भरला होता. बदला म्हणून सांगून दोन दिवस झाले होते. मी हातातली सुई वरून दाबून आत सारली आणि आतली दुसरीच कोणाची तरी सुई हातमोज्यातून करंगळीच्या कडेला घुसली. दुखलंही फारसं नाही. मोजा काढला तर मोहरीएवढा लाल ठिपका. आणि मी काय केलं? बोट तोंडात घातलं! सगळं प्रशिक्षण झालेली, परीक्षेत हाच प्रश्न बरोबर सोडवलेली बाई.

सुई कोणाची ते कळायला मार्ग नव्हता. असं झालं की डॉक्टरांना सगळ्याच शक्यता धरून चालावं लागतं. आमच्याकडे शिकवताना तीनांचा हिशेब सांगतात. लस न घेतलेल्याला पॉझिटिव्ह माणसाची सुई टोचली तर बी ची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत, सी ची ३ टक्क्यांच्या आत, एचआयव्हीची ०.३ टक्के. सी चा आकडा अलीकडच्या पाहण्यांत त्याहूनही बराच खाली आला आहे. पण लक्षात काय ठेवायचं, तर ज्याला सगळे सर्वांत जास्त घाबरतात त्याची शक्यता सर्वांत कमी, आणि ज्याची सर्वांत जास्त त्यावर लस आहे.

लस झालेली नसेल तर बी साठी लसीचा डोस आणि गरजेप्रमाणे इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार अँटीबॉडींचं, इंजेक्शन देतात, शक्यतो २४ तासांत. एचआयव्हीच्या प्रतिबंधक गोळ्या जितक्या लवकर तितक्या बऱ्या, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग धरत नाहीत, आणि त्या २८ दिवस घ्याव्या लागतात. मी घेतल्या. पहिला आठवडा मळमळीत गेला. सी साठी आधी घ्यायचं असं औषधच नाही. ठरलेल्या दिवशी तपासण्या करत राहायचं, झालाच तर तो बरा करता येतो. या काळात रक्तदान बंद.

आणि घटना लिहून द्या. ‘जाऊ दे, कशाला बोभाटा’ म्हणून गप्प बसणारे पाहिले आहेत मी. तारीख-वेळ नोंदवलेली नसेल तर नंतर तो संसर्ग कामावर झाला हे सिद्ध करणं महाकठीण.

वापरलेल्या सुईला टोपण लावून ठेवलं तर सुरक्षित नाही का?

टोपण लावतानाच तर टोचते. एका हातात सुई, दुसऱ्या हातात टोपण, मागून कोणी हाक मारली की संपलं. सुई वापरली की तशीच डब्यात. डबा जाड, न फुटणारा, हाताच्या अंतरावर, आणि तीन चतुर्थांश भरला की बंद. का, ते वर सांगितलंच. घरी इन्सुलिन घेत असाल तर जाड प्लास्टिकची बाटली, झाकण घट्ट, वर लिहिलेलं. कचरा वेचणाऱ्याच्या हातात तुमची सुई जाऊ नये.

पेशंट पॉझिटिव्ह असेल तर फाइलवर ठळक लिहिलेलं बरं ना, म्हणजे आम्ही काळजी घेऊ?

नवीन लागलेली मुलं हमखास विचारतात. मी उलट विचारते: शेरा नसलेल्या फाइलींचं काय करणार? बी असलेल्या दर शंभरांतल्या ८७ जणांना स्वतःलाच माहीत नाही, तर फाइलीला काय माहीत असणार? शिवाय संसर्ग झाल्यावर तपासणीत दिसायला काही आठवडे जातात. त्या मधल्या काळातलं रक्त निगेटिव्ह म्हणून येतं आणि पसरवायला पूर्ण समर्थ असतं.

शेऱ्याने दोन वाईट गोष्टी होतात. शेरा असलेल्या माणसाला आपण दोन मोजे घालून, तोंड वाकडं करून हाताळतो. आणि शेरा नसलेल्याकडे मोजे न घालताच जातो. खरा धोका दुसऱ्या ठिकाणी. म्हणून नियम माणसाला नाही, कामाला लावायचा. रक्त आहे म्हणजे मोजे आहेत. मग ते चार दिवसांच्या बाळाचं असो, खात्याच्या प्रमुखांचं असो, नाहीतर स्वतःच्या आईचं.

लस कोणी घ्यायची, किती डोस, बूस्टर लागतो का?

बी ची लस न घेतलेल्या कोणीही घ्यावी. जन्मलेल्या बाळापासून सुरुवात. मोठ्यांसाठी नेहमीचं वेळापत्रक ०, १ आणि ६ महिने असं तीन डोसांचं. दुसरा डोस घेऊन गायब होणारे पुष्कळ. मधे खंड पडला तरी पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही, उरलेला घेऊन टाका.

निरोगी माणसाला बूस्टर सहसा लागत नाही. रक्ताशी संबंधित काम करणाऱ्यांनी, डायलिसिसवर असणाऱ्यांनी, बी असलेल्याच्या जोडीदाराने शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस, म्हणजे बी विरुद्धच्या अँटीबॉडीचं प्रमाण, तपासावं. १० किंवा त्याहून जास्त आलं की भागलं. काही जणांना अँटीबॉडी तयारच होत नाहीत. त्यांना पुन्हा एकदा पूर्ण कोर्स देतात.

ए ची लस वेगळी मिळते. सी ची लस नाही, अजून तरी.

आई पॉझिटिव्ह असेल तर बाळाला होणारच?

अजिबात नाही, पण इथे तासांना किंमत आहे. मोठ्या माणसाला बी झाला तर शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिकांचं शरीर तो स्वतः घालवून देतं. नवजात बाळाला झाला तर सुमारे ९० टक्के बाळांत तो कायमचा राहतो. बाळाचं शरीर त्याला परका म्हणून ओळखतच नाही. म्हणून जन्मल्यापासून २४ तासांच्या आत लसीचा पहिला डोस, आणि आई पॉझिटिव्ह असेल तर जोडीला इम्युनोग्लोब्युलिन. आईच्या रक्तात व्हायरस फार असेल तर गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तिलाही टेनोफोव्हिरसारखं औषध देतात.

तैवानने १९८४ मध्ये सरकारी पातळीवर बाळांना ही लस द्यायला सुरुवात केली आणि पुढच्या काही वर्षांत तिथल्या मुलांमधला यकृताचा कॅन्सर घटल्याचं दिसलं. कॅन्सर टाळणारी पहिली लस ही.

बाळाला अंगावर पाजायला हरकत नाही, बी असो वा सी. सी असताना स्तनाग्रांना चिरा पडून रक्त येत असेल तर भरेपर्यंत त्या बाजूने थांबावं. बाळाची बी ची तपासणी घाईने करू नका. नऊ महिन्यांच्या आधी केली तर लसीमुळे आणि आईकडून आलेल्या अँटीबॉडींमुळे रिपोर्ट गोंधळात टाकतो.

रिपोर्टवरची ही अक्षरं कशी वाचायची?

एचबीएसएजी पॉझिटिव्ह म्हणजे बी आत्ता अंगात आहे. सहा महिन्यांनंतरही पॉझिटिव्ह असेल तर त्याला दीर्घकाळचा म्हणतात. अँटी-एचबीएस पॉझिटिव्ह ही आनंदाची बातमी, संरक्षण आहे. ही दोन नावं इतकी सारखी, की लोक चांगला रिपोर्ट हातात धरून रडलेले मी पाहिलेत. अँटी-एचबीसी म्हणजे खऱ्या व्हायरसशी कधीतरी गाठ पडली होती, लसीने ती येत नाही.

अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे सी शी कधीतरी भेट झाली, एवढंच. तो आत्ता आहे का ते एचसीव्ही आरएनए, म्हणजे रक्तात खुद्द व्हायरस शोधणारी तपासणी, सांगतं. पूर्ण बरं झाल्यावरही अँटी-एचसीव्ही आयुष्यभर पॉझिटिव्ह राहू शकतं. त्या एका कागदावरून कोणाची नोकरी अडवणाऱ्यांना हे ऐकवा.

सी बरा होतो म्हणतात, ते खरं?

खरं. ८ ते १२ आठवडे रोज गोळ्या आणि ९५ टक्क्यांहून अधिक लोक बरे. पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं वर्षभर घ्यावी लागत, ताप आणि निराशा सोबतीला, आणि तरी निम्म्या लोकांना गुण नाही. २०१३ मध्ये सोफोस्बुव्हिर आलं आणि चित्रच पालटलं. सी शोधण्याच्या कामासाठी हार्वे ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चं नोबेल मिळालं.

पण बरं झालं म्हणजे कवच मिळालं असं नाही. पुन्हा दूषित सुई टोचली तर पुन्हा होतो. आणि सी चं औषध सुरू करण्याआधी बी ची तपासणी हवीच. सी हटला की दबून बसलेला बी उसळू शकतो.

आणि बी?

बी ला आवरता येतं, मुळापासून काढणं अजून क्वचितच जमतं. त्याचा डीएनए यकृतपेशीच्या केंद्रात दडून बसतो. रोज एक गोळी, बहुधा वर्षानुवर्षं. प्रत्येकाला लगेच औषध लागतं असं नाही, पण तपासणी प्रत्येकाला लागते. ‘हेल्दी कॅरियर’ हा शब्द मला मुळीच आवडत नाही. ते ऐकून माणूस घरी जातो आणि पंधरा वर्षं फिरकत नाही. बी मुळे सिरॉसिस नसतानाही कॅन्सर होऊ शकतो. ज्यांना डॉक्टर सांगतील त्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवू नये.

एक महत्त्वाचं: केमोथेरपी, जास्त डोसची स्टेरॉइडं, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू होणार असतील तर बी आहे किंवा होऊन गेला आहे हे आधीच सांगा. सांधेदुखीच्या डॉक्टरांना यकृताचं काय सांगायचं, असं वाटून लोक गप्प राहतात. त्या औषधांच्या आडून बी पुन्हा डोकं वर काढतो, आणि मग फार वेगाने.

नवरा-बायकोने काय करायचं?

जोडीदाराने तपासणी करून बी ची लस घ्यायची. अँटीबॉडी तयार होईपर्यंत कंडोम. सी शरीरसंबंधातून पसरण्याची शक्यता स्त्री-पुरुष जोडप्यात कमीच, पण जिथे रक्त येतं तिथे वाढते.

टॅटू, कान टोचणं, दाढी?

सुई नवी आहे का एवढंच बघून थांबू नका, शाईची वाटी बघा. एकाच वाटीत सुई बुडवून तीच शाई पुढच्याला वापरली तर नव्या सुईला अर्थ नाही. हत्यारं पुन्हा वापरायची असतील तर ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालची १२१ अंशांची वाफ. स्पिरिटचा बोळा फिरवणं हे निर्जंतुकीकरण नव्हे. दाढीला नवं ब्लेड, पाकीट समोर फोडलेलं.

डास चावून होतो?

नाही.

खाण्याचं पथ्य काय?

लोकांना वाटतं तेवढं नाही. तेल-तिखट सोडून उकडलेलं खाल्ल्याने व्हायरस जात नाही, वजन मात्र जातं. सोडायची ती दारू, थोडीसुद्धा नको. आणि यकृत साफ करणारी म्हणून मिळणारी चूर्णं-काढे डॉक्टरांना न विचारता घेऊ नका. काहींनी यकृताचंच नुकसान होतं.

लसीचे आणि अँटीबॉडीचे कागद किती दिवस जपायचे?

कायमचे, आणि फोनमध्ये फोटो काढून. मला सुई टोचली त्या संध्याकाळी डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, अँटी-एचबीएस किती? तपासलं होतं, कागदही घरी होता, पण आकडा काही केल्या आठवेना. इम्युनोग्लोब्युलिन फ्रिजमधून काढायचं की नाही ते त्या आकड्यावर ठरणार होतं. भावाला फोन केला. त्याने कपाटातल्या सगळ्या फाइली जमिनीवर ओतल्या, विजेची बिलं, माझी मार्कशीट, आणि पावणेदहाला त्याला कागद सापडला. “दोनशे बारा लिहिलंय,” तो म्हणाला. मी खुर्चीत बसले. पलीकडून तो विचारत होता, “अगं, हे जास्त आहे की कमी?”